करंटची टोपी

प्रिय अपेक्षा,

खो-खोच्या शिबिरात फोन जमा करून घेतात म्हणून पत्र लिहितोय, असं तुझ्या आईला सांगितलं. खरं म्हणजे फोनवर मी सारवासारव केली असती. घरी सगळे बरे आहेत. आजीचा गुडघा तसाच आणि जीभही तशीच. मी रोज फुलंब्रीहून शहरात ड्यूटीला जातो, पण बसमध्ये ओळखीचं कुणी दिसलं की मागं जाऊन बसतो.

तुला एडीएचडी आहे हे कळलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं, तुझ्या गोंधळाचं कारण सापडलं म्हणून. खो-खोत तुझ्यासारखी चपळ पोर तालुक्यात नव्हती. पण एकदा साखळी धरून, बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळायला लागलीस की समोरच्यांनी डाव बदलला तरी तुझी साखळी सुटायची नाय, आणि तू बाद. मी बाहेरून ओरडायचो, त्यानं तू आणखीनच गोंधळायचीस. मग शहरातल्या डॉक्टरबाईंच्या संशोधनाच्या अभ्यासात तुला घातलं. डोक्याला हलका करंट देणारी टोपी, आणि त्यानंतर पत्ते लावायचा खेळ. आधी रंगावर लावायचे, मधेच न सांगता नियम बदलायचा. सही घेताना बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की निम्म्या मुलांना करंट मिळेल, निम्म्यांना नुसती टोपी, आणि कुणाला काय ते शेवटीच कळेल. मी ते कानाआड केलं. माझी पोरगी नुसत्या टोपीवाल्यांत कशी असेल, असं वाटलं.

तू बदललीस हे खरं. साखळी सोडून झटकन रिंगमध्ये, गोल पळण्यात शिरायला लागलीस. जिल्ह्याच्या सामन्यात कुणाच्या हाती लागली नाहीस. सत्कारात माईक हातात आला आणि मी तुझं नाव एकदा घेतलं, टोपीचं दहादा. करंटनं पोरगी सुधारली म्हणालो. तू मान खाली घालून बसलीस, मला वाटलं लाजतेय. त्याच उन्हाळ्यात, सामन्याच्या आधी, तू अंगणात बादल्या उलट्या मांडून पळायचीस, आजी कणसं सोलता सोलता मनाला येईल तेव्हा ‘बदल’ म्हणून ओरडायची आणि तू चाल बदलायचीस. टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नाय म्हणून मी तुम्हा दोघींना गप्प केलं होतं.

गेल्या आठवड्यात बाईंनी बोलावलं. अभ्यास संपला होता, आता सांगायला हरकत नव्हती. तुझ्या टोपीत करंट नव्हता. टोपी घातल्यावर डोक्याला सुरुवातीच्या मुंग्या सगळ्यांनाच येतात, नुसत्या टोपीवाल्यांचं मशीन मग लगेच बंद करतात. मी घरी आलो आणि कुणाला बोललो नाय, तुलाही नाय. लोक हसतील याची भीती, दुसरं काय. लई लाज वाटते.

शिबिरातून कळलं म्हणून काल तुझ्या खो-खोच्या सरांचा फोन आला. टोपी संपली, आता जमणार नाय, असं म्हणून तू राज्याच्या संघातून नाव मागं घेतेयस. ते ऐकून हे लिहायला बसलो. सर उद्या तिकडं येतायत, त्यांच्याच हाती देतो. खेळायचं का नाय ते तू ठरव. पण टोपीवाचून जमत नाय असं म्हणू नको. जिल्ह्यात तू करंटवाचूनच खेळलीस, अंगणातल्या बादल्या आणि आजीच्या ‘बदल’वर. तू तुझ्या जोरावर जिंकलीस हे तुलाच पटत नाय, ते माझ्यामुळं. सामना बघायला यावंसं लई वाटतं, पण तू ये म्हणालीस तरच येईन.

तुझाच,
तोंड दाखवायला लाजणारा
पप्पा