बॉडी उतरवलीच आहे तर

८ जानेवारी, रविवार
आजपासून रोज लिहिणार. कामाच्या माणसाने नोंद ठेवलीच पाहिजे.

काल बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. नजर मधोमध विरत चाललीय, म्हणाले. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. फारसा इलाज नाही. उन्हाळ्यापर्यंत बरं दिसेल, तोवर जे बघायचं असेल ते बघून घ्या.  घराच्या दाराशी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, की आपल्या लाल गाडीतून, छत उघडं टाकून, एकदा दीपगृहापर्यंत जाऊन येऊ. शेवटच्या वळणावर समुद्र एकदम समोर येतो, तो बघायचाय.

मी म्हटलं, एवढंच ना? समजा झालं.

गाडी त्यांचीच. दोन सीटची, स्पोर्ट्स. तरुणपणी हौसेने घेतलेली. रिटायर झाले तेव्हा किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून गॅरेजमध्ये झाकून आहे. चालू होते, पण खालच्या चॅसीला एका कोपऱ्यात गंज धरलाय. तेवढं वेल्डिंग केलं की निघालो.

१५ जानेवारी
मेकॅनिक बघून गेला. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, का ते कळत नाही. म्हणाला, खाली आडवा होऊन वेल्डिंग करून देतो, दुपारभराचं काम. मला हसू आलं. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. बॉडी फायबरची आहे. बोल्ट काढले की डब्याच्या झाकणासारखी वर उचलता येते. मग चॅसी सगळ्या बाजूंनी मोकळी. हे सगळं त्याला समजावून सांगितलं. खांदे उडवून गेला.

२२ जानेवारी
बॉडी उतरली! शेजारपाजारचे पाच जण आणि मी. खरं तर पाच जण, कारण मी सूचना देत होतो.

गॅरेजमध्ये चॅसी आणि बॉडी दोन्ही मावेनात. म्हणून हॉलचं अंगणाकडचं मोठं दार उघडून बॉडी आत घेतली आणि दोन स्टुलांवर ठेवली, एक पुढे, एक मागे. सोफा गॅलरीत. हिने विचारलं, किती दिवस? म्हटलं, पंधरवडा. त्यावर ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं असणार.

संध्याकाळी बाबा बॉडीभोवती दोन चकरा मारून गेले. बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. खूश दिसले.

(‘रोज लिहिणार’चं काय झालं, हे इथे लिहीत बसत नाही. कामात होतो.)

६ फेब्रुवारी
वेल्डिंग झालं. उस्ताद म्हणतो, आता चढवा बॉडी. पण चॅसी अशी उघडीवाघडी पुन्हा कधी मिळणार? ब्रेकचे पाइप जुने आहेत. एरवी तिथे हात पोचत नाही, आता समोर दिसतायत. हातासरशी बदलून टाकतो. बाबांना घेऊन घाट उतरायचाय, ब्रेक नकोत? हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय.

जायचं आता पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. नक्की.

१९ फेब्रुवारी
ब्रेकचे पाइप काढताना पेट्रोलची टाकी आड आली म्हणून तीही काढली. काढलीच आहे तर आतून साफ करून घ्यावी. टाकीखाली सस्पेन्शनचे रबर दिसले, पार बिस्किटासारखे झालेत. हातासरशी तेही मागवले. चॅसी आता इतकी मोकळी झालीय की रंग न देणं म्हणजे पाप. कारखान्यात भट्टीतला रंग देतात. पाठवली.

काढलेलं सामान ठेवायला जागा नव्हती. बॉडी रिकामीच आहे. जुना रेडिएटर, टाकी, ब्रेकचे ड्रम, बॅटरी, सगळं तिच्यात नीट रचून ठेवलं. एका जागी असलं की हरवत नाही. ही म्हणाली, मधे वजन फार होतंय का? म्हटलं, गाडी आहे ती, माणसं बसतात तिच्यात.

५ मार्च, पहिला रविवार
गेलो नाही. रबर चुकीचे आले. पुढच्या मॉडेलचे. मॉडेल मीच कळवलं होतं, पण दुकानदाराने विचारायला नको?

बाबा सकाळी कपडे करून, टोपी घालून हॉलमध्ये बसले होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, ही सांगेल. हिला वाटलं, मी सांगेन. म्हटलं, बाबा, पुढच्या महिन्यात. ते ‘बरं’ म्हणाले आणि टोपी काढून ठेवली. वाईट वाटलं. मग रबर परत पाठवायच्या गडबडीत विसरलो.

१८ मार्च
हिने आज विषय काढला. तिच्या गाडीतून बाबांना दीपगृहावर नेऊन आणू, लाल गाडी व्हायची तेव्हा होईल. मी साफ नाही म्हटलं. शब्द दिलाय. लाल गाडीतून म्हणजे लाल गाडीतून, छत उघडं टाकून. आधीच समुद्र बघितला तर मजा काय राहिली? ती म्हणाली, त्यांना सकाळी वर्तमानपत्र वाचता येत नाहीये, मी वाचून दाखवते. मला कुणी बोललं नव्हतं. म्हटलं, मग लागतो झपाट्याने.

२ एप्रिल
झपाट्याने वायरिंग घेतलं. वेळेची बचत म्हणून वायरींना चिठ्ठ्या लावल्या नाहीत, सगळं डोक्यात आहे. संध्याकाळपर्यंत जोडणी पूर्ण. इंडिकेटर दाबला की वायपरची मोटर फिरते, पण फिरते हे महत्त्वाचं.

उस्तादला फोन केला. येऊन त्याने पाहिलं, चहा प्यायला आणि सगळ्या वायरी परत सोडवल्या. चढवा आता, म्हणाला, म्हातारा माणूस वाट बघतोय. लोकांच्या घरात किती लक्ष घालावं!

१६ एप्रिल
बाबा हल्ली माझ्याकडे बघून बोलत नाहीत. कानाकडे बघतात. कधी खांद्याकडे. रागावले असावेत. जरा मनाला लागलं. एवढा त्यांच्यासाठी राबतोय, निदान तोंडाकडे तरी बघावं.

हिला सांगितलं.  ती म्हणाली, अहो, मधलं दिसत नाही त्यांना. तुमचा चेहरा दिसावा म्हणून कानाकडे बघतात.

जेवलो नाही. उद्या बॉडी चढवायची. मागेपुढे न बघता, जशी असेल तशी.

१७ एप्रिल
क्लचची प्लेट झिजलेली निघाली. ती बदलायचीच होती, त्यात माझी काय चूक? पण यापुढे एकही नवं काम काढणार नाही. कानाला खडा.

३० एप्रिल
हँडब्रेकची केबल.

१४ मे, रविवार
आज चढवली. म्हणजे चढवायला घेतली. तेच पाच जण, एकाची पाठ धरलेली म्हणून त्याच्या जागी उस्ताद. आतलं सामान काढलं, अंगणात नेली, चॅसी पुढे ओढली. नवाकोरा रंग, नवे पाइप. एवढी देखणी चॅसी या गल्लीत कुणी पाहिली नसेल. बाबांना खुर्ची टाकून दिली होती. टोपी घालून बसले होते.

बॉडी खाली आली आणि अडली. पुढचे बोल्ट बसले तर मागचे भोकांत जाईनात. मागचे बसवले तर पुढचे. दारं लावून पाहिली, एकही लागेना. उस्ताद वाकून कडेने बघत होता. मधे बसलीय, म्हणाला. स्टुलं दोन टोकांना, मधे तीन महिने लोखंड. फायबर आहे, वाकणारच.

म्हटलं, दाबून बसवू. दाबली. पुढच्या कोपऱ्याला तडा गेला, इथून तिथपर्यंत.  जो तो आपल्या हातांकडे बघायला लागला. आठवड्यांचं काम आहे, उस्ताद म्हणाला. साच्यात घ्यावी लागेल.

बाबा उठून आले. बॉनेट हातांनी चाचपत तड्यापर्यंत पोचले, त्यावरून बोट फिरवलं. मग माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, असू दे. आता घाई नाही.

मला लाज वाटली. इतकी की वर बघवेना. उद्या काहीतरी केलंच पाहिजे.

२१ मे
काहीतरी हिने केलं. सकाळी बाबांना स्वतःच्या गाडीत पुढे बसवून घेऊन गेली. मलाही चला म्हणाली. पण साचावाला बॉडी बघायला यायचा होता. आला नाही.

दुपारी परत आले. बाबांचे केस विस्कटलेले, टोपी मांडीवर. काच पूर्ण खाली घेतली होती म्हणे. मी विचारलं, बाबा, दिसला का समुद्र? ते म्हणाले, कडेला थोडा उजेड दिसला. वळण आलं तेव्हा सूनबाईने सांगितलं, आलं म्हणून. वास बरोबर तोच होता. मग म्हणाले, तू असायला हवा होतास.

ही आत निघून गेली. स्वयंपाकघराचा नळ बराच वेळ चालू होता.

२२ मे
सकाळी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. चॅसी सुरेख दिसते, पण तिच्यावर बसायला जागा नाही.

आता घाई नाही, असं बाबांनीच सांगितलंय. मोठ्या मनाचा माणूस. बॉडी साच्यातून यायला वेळ लागणार, आणि उतरवलेली आहेच. गिअरबॉक्स तेवढा राहिलाय. हातासरशी उघडून घेतो.