ओळखीचा असला तरी

जुईनगर,
रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

प्रिय शिवतेज,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असाल, वगैरे वगैरे. तू वाशीला आणि मी दोन स्टेशनं अलीकडे जुईनगरला, एवढ्याशा अंतरासाठी कुणी पत्र लिहीत नाही हे मला कळतं. पण फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. तुझ्या घरी आले तर काकू "आत्ताच बाहेर पडला बघ" म्हणतात आणि तुझ्या चपला दारातच असतात. आणि आपल्या 'खाडीपूल' बोर्डावर तर मीच तुला महिनाभर बंदी घातली आहे. मग राहिला कागद. तो फाडायचा म्हटलं तरी आधी पाकीट हातात घ्यावं लागतं, एवढ्या आशेवर लिहितेय.

आधी बातम्या. माझ्या क्लासमध्ये नवीन बॅच सुरू झाली. त्यात दोन बायका आणि एक सासू आहे, आणि सासू सगळ्यांत हुशार आहे. आमच्या सोसायटीत लिफ्टवरून भांडणं चालू आहेत, लिफ्ट मात्र बंद. 'खाडीपूल'वर संक्रांतीनंतर बरेच नवे मेंबर आलेत. त्यात नेरूळचे एक रिटायर्ड गृहस्थ आहेत. रोज येतात, सगळं वाचतात, खाली "वाचले" असं लिहितात आणि जातात. माझे अत्यंत आवडते मेंबर आहेत ते.

काकू परवा भाजी घेताना भेटल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचं नक्की काय बिनसलंय गं? आणि ते बोर्ड बोर्ड म्हणजे असतं काय?" मी सांगितलं, माझ्या घरचा एक फोन आणि एक कॉम्प्युटर. रात्री नऊनंतर लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून एकेक करून फोन लावतात, कॉम्प्युटरबद्दलचे प्रश्न लिहून ठेवतात, मागून येणारा वाचतो आणि उत्तर लिहितो. काकू म्हणाल्या, "म्हणजे कट्टाच की! आणि तू तिथली कोण?" म्हटलं, सिसॉप, म्हणजे कट्ट्यावर मारामारी होऊ नये म्हणून जी बसलेली असते ना, ती. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या राजाने मारलं का कुणाला?" मी कोथिंबिरीचा भाव विचारायला लागले.

अरुणाने तुझा निरोप दिला. "तो म्हणतोय, माझा मॉडेम परत दे. सॉरी यार, मला मध्ये घेऊ नका तुम्ही," असं म्हणाली बिचारी. तर सोबतच्या खोक्यात मॉडेम आहे. वायर, अडॅप्टर, पुस्तिका सगळं आहे. वरचा ओरखडा तुझाच आहे, माझ्या नावावर घालू नकोस. बोर्ड बंद पडलेला नाही. अरुणाच्या ऑफिसातल्या कपाटात एक जुना मॉडेम पडून होता, तो साहेबांना विचारून आणला. अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी येतात. लोक कुरकुरतात आणि तरी येतात.

मॉडेम मागितलास याचा मला राग आला नाही, खरंच. उलट मोकळं वाटलं. कारण आपला मेंबर संघर्ष याने विचारलेल्या प्रश्नाच्या मुळाशी हा मॉडेमच होता, आणि तो प्रश्न बरोबर होता.

तू माझं ऐकून घेतलं नाहीस म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. संघर्षने बारा जानेवारीला सगळ्यांसमोर विचारलं, की बाकीच्यांना रोज अर्धा तास मिळतो आणि शिवतेजला वाटेल तेवढा वेळ कसा मिळतो? सिसॉपचा दोस्त आहे म्हणून? त्याच्या भाषेत लिहायचं तर, "मॅडम, नियम सगळ्यांना सेम आहे की नाही, एकदा क्लिअर करा." यात शिवी नाही, टोमणा म्हणावा तर अर्धा. मी तपासलं. खरंच, आपण बोर्ड उभारला तेव्हा मॉडेम तुझा म्हणून तुझ्या नावावर वेळेची मर्यादा घातलीच नव्हती. नंतर ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तुझा डाव नव्हता, माझाही नव्हता. पण नेरूळ, सानपाडा, बेलापूरची माणसं एंगेज टोन ऐकत बसायची तेव्हा लाइनवर तू असायचास. मी उत्तर लिहायला घेणार, तेवढ्यात फोन वाजला आणि तू तुझ्या कॉम्प्युटरवरून बोर्डावर आलास.

पुढचं तुला माहीत आहे. फक्त एक गोष्ट तुला वाटते तशी नाही.

तू म्हणालास, रागात लिहिलं गेलं. अरे, एकच लाइन, एका वेळी एकच माणूस. तू तिकडे टाइप करतोस ते इकडे माझ्या स्क्रीनवर त्याच क्षणी उमटतं. हे मला तूच पहिल्या दिवशी कौतुकाने दाखवलं होतंस. मी समोरच बसले होते. तू लिहिलंस, "संघर्ष, तुला काही माहीत नसताना बोलू नये." एवढ्यावर थांबला असतास तर मी तुला चहा पाजला असता. मग लिहिलंस, "पोती उचलणाऱ्यांच्या पोरांनी टाइमाचा हिशेब मागायचा नसतो. दिलं तेवढं घ्यायचं." आणि ते खोडलंस. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! मग परत लिहिलंस. परत खोडलंस. आणि तिसऱ्यांदा अक्षरन् अक्षर तेच लिहून सेव्ह केलंस.

मला एक बटण दाबून मध्ये पडता आलं असतं. "शिव, नको," एवढंच लिहायचं होतं. मी हात उचललाही होता. पण मी कुणाच्याच लिहिण्यात मध्ये पडत नाही. संघर्ष असं काही लिहीत असता तर त्याला ती सवलत मी दिली असती का? नसती दिली. मग तुला का देऊ? आणि मला शेवटपर्यंत खात्री होती की तिसऱ्यांदाही तू खोडशील. तिथे माझा अंदाज चुकला.

नियम तर आपलाच आहे. वाशी स्टेशनबाहेर उसाचा रस पिता पिता आपण तो केला. कुणाच्या जातीवर, गावावर, आईबापाच्या कामावर कुणी बोललं तर एक महिना बाहेर. मजकूर काढायचा, पण कुणाचा काढला आणि का काढला ते त्या जागी लिहून ठेवायचं. मी म्हटलं होतं, एवढं पुरे. तू ग्लास खाली ठेवून म्हणालास, "नाही, पुढे लिही: ओळखीचा असला तरी." लिहिलं. तेव्हा तू मला फार आवडला होतास. अजूनही तो शिवतेज मला आवडतो, आणि त्याच्याच शब्दावर मी तुला बाहेर काढलं आहे.

त्या रात्री तुझ्या मर्यादेचंही जाहीर करून टाकलं. संघर्षचं म्हणणं खरं आहे, आजपासून सगळ्यांना अर्धा तास, मलाही. मग बंदीची सूचना लावली. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "तुझ्यासाठी केलं मी आणि तू मलाच बाहेर काढतेस?" माझ्यासाठीच केलंस, ते मला माहीत आहे. म्हणूनच तर सोडता आलं नाही. मला पक्षपाती म्हटलं म्हणून तू चिडलास आणि त्यावर मी तुला माफ केलं असतं, तर संघर्षने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण दोघांनी मिळून दिलं असतं ना!

आणि संघर्ष माझ्यावर खूश आहे असं समजू नकोस. त्याने फोन केला होता. म्हणाला, "मॅडम, ते तुमी पुसलं कशाला? माझ्या बापाने पोती उचलली, बाजीराव नाव आहे त्यांचं, मला काय लाज नाय त्याची. असू दे की तसंच, लोकांना कळू दे कोण काय बोलतो ते." मी त्यालाही नाही म्हटलं. त्याला म्हटलं, "पुसायचा नियम आहे तर तुझ्या मर्जीने ठेवता येणार नाही, जसं शिवतेजच्या मर्जीने लिहिता येत नाही." तो बराच वेळ भांडला. चांगला भांडतो, मुद्द्याला धरून. शेवटी "बघतो मी" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर तो आला आहे, कुणाच्या तरी बंद पडलेल्या डिस्कवर छान लांबलचक उत्तर लिहून गेला आहे आणि माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. म्हणजे दोन्हीकडून मी वाईट. या कामात हे धरूनच चालायचं असतं, आणि सांगू का, मला हे काम जमतंय.

आता जेवायला बोलावतायत. पत्र आणि खोकं उद्या पाठवते.

सोमवार, सकाळी

काल पत्र परत वाचलं. सगळं नीट, मुद्देसूद लिहिलंय, आणि जे लिहायचं होतं तेच टाळलंय. पाकीट बंद करण्याआधी लिहून टाकते.

तू ते लिहीत होतास तेव्हा अण्णा माझ्या मागे कॉटवर बसून चहा पीत होते. त्या दिवशी बाजारातून रात्री उशिरा, पाय सुजवून आले होते, आईने गरम पाण्याची बादली दिली होती. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण स्क्रीनवर अक्षरं धावतात ते बघायला आवडतं, हे तू पाहिलं आहेस. मला विचारलं, "कोन हाय गं आज?" मी म्हटलं, शिवतेज. चेहरा फुलला त्यांचा. "काय लिवतोय?"

मी म्हटलं, कामाचं काहीतरी.

"त्याला म्हनावं, गावाकडनं शेंगा आल्यात. रविवारी ये, घिऊन जा."

तू तेव्हा तिसऱ्यांदा लिहीत होतास.

शिवतेज, कांदा-बटाटा मार्केटमध्ये तुमचा गाळा आहे आणि माझे वडील त्याच मार्केटमध्ये पाठीवर पोती घेतात. ही काही गुपित गोष्ट नाही. तू आमच्याकडे कितीदा जेवला आहेस, अण्णांच्या ताटाला ताट लावून. ज्या फोनवर हा बोर्ड चालतो तो अण्णांच्या नावावर आहे. तुला संघर्षला लागेल असं काहीतरी हवं होतं आणि हाताशी ते आलं. लिहिताना माझे अण्णा तुझ्या डोक्यातही आले नाहीत, याची मला खात्री आहे. तेच मला सहन होत नाही. तीन वेळा लिहिलंस, दोन वेळा खोडलंस, आणि एकदाही ते आठवले नाहीत. मला वाटत होतं तू आमच्या घरचा आहेस.

त्यात एक गंमत बघ. मला अगदी पक्षपाती व्हायचं असतं, तर मी तुला महिन्याऐवजी कायमचं काढलं असतं. त्या रात्री फार वाटत होतं. कुणी अडवलंही नसतं. नियमात एक महिना आहे म्हणून एक महिनाच. त्यावर एक दिवस वाढवला नाही, एक दिवस कमीही करणार नाही. बारा तारखेला रात्री नऊला तुझं नाव पुन्हा चालू होईल, अर्ध्या तासाच्या मर्यादेसह. संघर्षची माफी माग असं मी सांगणार नाही. तसा नियम नाही, आणि मागायला लावलेल्या माफीचं तो काय करणार? तो तिथेच असेल. तू काय लिहायचं ते तू बघ.

मला तुझी आठवण येते. रोज येते. हे आपलं लिहून ठेवते, म्हणजे मी दगड आहे असं अरुणाला सांगत फिरू नकोस.

राहिले अण्णा. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. दर रविवारी विचारतात, "त्यो पोरगा कुठाय? लय दिस झालं, दिसला न्हाई." पहिल्या रविवारी म्हटलं, गावाला गेलाय. मग म्हटलं, काम खूप आहे. काल परत विचारलं तेव्हा मी ठरवलं की आता तुझ्या वतीने खोटं बोलणार नाही. शेंगा आईने पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. अण्णा त्या कुणाला देऊ देत नाहीत.

म्हणून एकच सांगायचं आहे. बोर्डावर नियमाने वागलास तर पुरेल. पण आमच्या घरी यायचं असेल तर दिवसा फोन कर. दुपारी मी क्लासला असते. अण्णा दोनला मार्केटमधून येतात आणि हल्ली फोन तेच उचलतात. तुझा आवाज ओळखतील. पहिला प्रश्न विचारतील, "कुठं हुतास रं?"

त्याचं उत्तर तुला द्यायचं आहे. तिथे मी मागे बसलेली नसेन, आणि एकदा बोललेलं तुला खोडताही येणार नाही.

तुझी मैत्रीण,
कोंडिबा शेलारांची मुलगी,
सुनयना