लठ्ठोबाचे डोळे

दि. ९ ऑगस्ट, शुक्रवार

धिटुकलीच्या आईस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. पोस्टमन फाटकाशीच देऊन गेला आणि मी तिथेच उभ्याने वाचलं. मग पायरीवर बसून वाचलं. मग घरात येऊन, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आमच्या ह्यांनी विचारलं, तोंड असं पांढरंफटक का पडलंय. मी म्हटलं, उन्हातून आले. फाटकापर्यंत काय ते ऊन!

धिटुकली घरी आली. केस पुन्हा आले, जिना चढते, शेजाऱ्यांशी भांडते. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी पहाटे तिला एकाएकी दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं आणि त्या धावपळीत कळवायचं राहून गेलं, असं तुम्ही लिहिलंत. त्याची माफी कसली मागता? तुमच्या जागी मी असते तर स्वतःचं नावसुद्धा विसरले असते.

सुई टोचायच्या वेळी तुम्ही तिला सांगायचात म्हणे, की लठ्ठोबापण मावशींच्या दवाखान्यात आहे, त्यालाही टोचतात, तो रडत नाही, दोघं बरे झालात की भेटायचं. आता ती बरी झाली आणि अठरा तारखेच्या रविवारी त्याला न्यायला येणार. पत्रातला एवढा भाग मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

लठ्ठोबाचं म्हणाल तर तो ठीक आहे. फक्त जुन्या खेळण्यांना घाई चालत नाही. तुमच्या आईच्या लहानपणचं अस्वल ते. पोटाची शिवण नवी, आतला भुसा बसायला वेळ लागतो, त्यात हवा दमट. तेव्हा अठराला न येता महिन्याभराने आलात तर? माझीही कंबर धरली आहे.

जाता जाता एक विचारते. त्याचे डोळे नक्की कसे होते, ते धिटुकलीला आठवतं का? सहजच आपलं.

कागद पाठकोरा आहे, राग मानू नका. कोरा कागद वापरायला माझा हात होत नाही.

तुमची,
दुरुस्तीवाली मावशी


दि. १३ ऑगस्ट, मंगळवार

ताई,
नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. मागच्या पत्रात तुमचं पत्र तीनदा वाचलं एवढं खरं होतं. कंबर माझी ठणठणीत आहे.

दोन वर्षांपूर्वी लठ्ठोबाच्या पोटाची शिवण झाली आणि मी त्याला स्वच्छ फडक्यात गुंडाळून हॉस्पिटलात घेऊन गेले. म्हटलं, पोरीला त्याची आठवण येत असेल, तुम्हाला कुठे हेलपाटा. चौथा मजला, खिडकीजवळची खाट. खाटेवरची गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. उशाशी तिची चित्रं चिकटवलेली असायची ना, तिथे नुसते चिकटपट्टीचे तुकडे. खाली एक बाई फरशी पुसत होत्या. "पाय काढा जरा," म्हणाल्या. मी पाय काढले आणि तशीच जिना उतरून घरी आले.

त्यांना एक शब्द विचारला असता तर त्यांनी सांगितलं असतं. नर्स समोर बसली होती, तिने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. तुम्हाला फोनही केला नाही. मनाला सांगितलं, त्या माउलीच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं. खरं म्हणजे ऐकायची माझी छाती नव्हती.

बरं, इथवर नुसती चूक झाली असं म्हणता येईल. पुढचं ऐका.

न नेलेलं खेळणं वर्षभर सांभाळायचं हा माझाच नियम. लठ्ठोबाला मी तीन आठवडे सांभाळलं. मग कोपऱ्यावरच्या घड्याळजींच्या नातीचं अस्वल आलं, दोन्ही डोळे गेलेलं. तसले काचेचे तपकिरी डोळे तेव्हा बाजारात कुठे मिळेनात. मी कपाट उघडलं, लठ्ठोबाला मांडीवर घेतलं आणि कात्री लावली. ताई, मी धावदोऱ्याचा धागासुद्धा उसवून रिळाला गुंडाळून ठेवणारी बाई. चांगली वस्तू कपाटात पडून राहिली की मला पाप केल्यासारखं वाटतं. वाटलं, पोर गेली, तिच्या अस्वलाचं दुसऱ्या पोरांना काही होऊ दे, तिच्याच पदरी पुण्य पडेल. एकदा उघडल्यावर मग थांबले नाही. पोटातला गुरगुरणारा डबा शाळेतल्या बाईंच्या अस्वलात गेला. पाठीचं लवदार कापड तीन जणांच्या तळव्यांना ठिगळ म्हणून लागलं. डोकं, उजवा हात आणि पिशवीभर भुसा उरला आहे. तेवढं टाकवलं नाही.

शुक्रवारपासून मी दारोदार फिरते आहे. शाळेतल्या बाईंनी सगळं ऐकलं, स्वतः शिवण उसवली आणि डबा माझ्या हातात दिला. ठिगळं मिळणार नाहीत, ती झिजून पार गेली. डोळ्यांसाठी घड्याळजींकडे गेले. आजोबा लगेच तयार झाले, पण अस्वल पाच वर्षांच्या नातीचं. तिला समोर बसवून सांगितलं. तिने अस्वलाचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं आणि विचारलं,

"ती मेली असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही का म्हणालात?"

आजोबा तिला दटावायला लागले. मी त्यांना थांबवलं. ती म्हणाली, याला आता दिसतं, मी नाही देणार. मी पुन्हा मागितले नाहीत. एकाचे काढून दुसऱ्याला लावायचे, हे एकदा करून बसलेय.

आता तसले डोळे मिळतात. काल दुपारी मी जोडी काढून टेबलावर ठेवली होती. जुळतं कापडही आहे. चार दिवसांत असा लठ्ठोबा उभा करीन, की तो नवा आहे हे तुम्हालासुद्धा ओळखू येणार नाही. पण जी पोर दोन वर्षं त्याच्या भरवशावर सुया टोचून घेत राहिली, तिच्या हातात बनावट अस्वल ठेवून हसायचं, हे मला जमणार नाही. नवे डोळे परत डब्यात टाकले.

तेव्हा रविवारी ठरल्याप्रमाणे या. मी काहीही जोडलेलं नसेल. डोकं, हात, डबा, भुशाची पिशवी सगळं टेबलावर मांडून ठेवीन आणि तिला मीच सांगीन, तुम्ही सांगू नका. तिने म्हटलं शिवा, तर तिच्यासमोर शिवीन. तिने म्हटलं तुमचं तोंड नको, तर आत जाऊन बसेन, आमचे हे पिशवीत भरून देतील. आणि तुम्हीच तिला आणायचं नाही असं ठरवलंत, तरी मला बोलायला जागा नाही.

अजून एक राहिलं, ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद होणार नाही. रोज सकाळी देवापुढे मी माझ्या गेलेल्या माणसांची नावं घेते. आई, वडील, धाकटा भाऊ. दोन वर्षं त्यांच्यामागून तुमच्या लेकीचं नाव घेत आले. ती तिकडे सुया सोसत जगायची धडपड करत होती आणि मी इकडे डोळे मिटून तिला शांती मागत होते. देवाने हे रोज ऐकून घेतलं आणि मला अडवलं नाही, की ऐकलंच नाही, कोण जाणे. ऐकलं नसेल तर बरं.

दुरुस्तीच्या वहीत तिच्या नावाआधीचं 'चि.' मी तेव्हा काट मारून खोडलं होतं. आज पुन्हा लिहायला बसले तर पेन उचलेना. ते या पत्रातच लिहिते.

चि. धिटुकलीला अनेक आशीर्वाद. माझे म्हणून नको असतील, तर कोणाचे ते सांगू नका.

विचारायचं धाडस न केलेली,
दुरुस्तीवाली मावशी