उरलेलं मी संपवणार नाही

माय, मी पोट कापून घेतलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तू नुसती 'काय झालं, काय झालं' करत बसणार नाहीस. गाठ नव्हती, खडा नव्हता. वजनासाठी घेतलं. नांदेडच्या दवाखान्यात, शुद्धीत सही करून, माझ्या मर्जीनं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, आता आत केळ्याएवढी एक नळी उरलीय. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "आगं, देवानं दिलेलं धडधाकट पोट कुणी कापतंय का?" कापतात, माय. मी कापलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, ते मला याच वर्षी लागलंय. लातूरच्या दवाखान्यातली तुझी ती खाट मला अजून दिसते. पायाची जखम भरत नव्हती, साखर उतरत नव्हती, आणि तू मला जवळ बोलावून विचारतेस, "डब्यातलं समदं खाल्लं का घरच्यांनी? का उरलं?" उरलं होतं. मी म्हणाले, नाही उरलं. तू डोळे मिटून घेतलेस. नंतर सगळे म्हणाले, बाई साखरेनं गेली. मी इतकी वर्षं तेच म्हणत आले. आता म्हणत नाही. तू आमच्या ताटांतल्या उरलेल्यानं गेलीस, असं मला वाटतं, आणि हे मी आज तुझ्या तोंडावर म्हणते.

आपलं अहमदपूरचं स्वयंपाकघर आठव. आधी बाप्ये, मग लेकरं, मग शेतातून आलेलं कुणी, आणि सगळ्यांची पानं उचलल्यावर तू. तेव्हा तुझ्यापुढे ताट नसायचंच. पातेली असायची. कढईच्या कडेला लागलेलं पिठलं, कुणी अर्धी टाकलेली भाकरी, खरवडलेला भात. भूक असो नसो, ते संपवल्याशिवाय तू उठायची नाहीस. "टाकायचं न्हाई. अन्न हाय ते." आणि मग मला हाक. "ये ग, तू अन् मी बसू." भावाला कधी हाक नव्हती. तो अंगणात, मी कढईपाशी. खोटं कशाला बोलू, मला ती हाक फार आवडायची. दिवसभर तू सगळ्यांची असायचीस, तेवढा वेळ फक्त माझी. तू तुझ्या माहेरच्या गोष्टी सांगायचीस, मी ऐकत ऐकत खरवड खायची. त्या वेळी माझं पोट कधीच भरलेलं असायचं. पण तुझ्याजवळ बसायचं तर खावं लागायचं, हे मला कुणी न सांगता कळलं होतं.

आणि ते मुखेडकडचे पाहुणे आले होते तो दिवस? मला बघायला. तू सकाळपासून पुऱ्या लाटतेयस, आणि मला कोपऱ्यात ओढून सांगतेस, "त्येंच्या म्होरं दोनच खायच्या. तिसरी घेतलीस तर बग." मी दोनच खाल्ल्या. ते माझ्याकडे देवणीच्या बाजारात जनावर बघावं तसं बघत होते, फक्त उलट्या हिशेबानं. तिथं अंगानं भरलेलं पसंत पडतं. मी नाही पडले. जाताना त्यातली एक बाई उंबऱ्यातच म्हणाली, पोरगी गुणाची हाय, पण अंगानं जरा जास्तीच. तू दार लावलंस, आत आलीस, परातीतल्या उरलेल्या सगळ्या पुऱ्या आणि बासुंदीचं पातेलं माझ्यासमोर ठेवलंस आणि म्हणालीस, "आता खा." मी रडत रडत खाल्लं. तूही खाल्लंस. किती प्रेम होतं त्यात ते मला ठाऊक आहे. पण तोंडाला कुलूप लावणारीही तूच आणि ते काढणारीही तूच. मला भूक किती, हे मला कधी कुणी विचारलंच नाही. याचा मला राग आहे. आजही आहे.

पुढे दुसरीकडे जमलं, हे भले माणूस मिळाले, मला शाळेत नोकरी लागली, नांदेडला संसार झाला. लग्नात तू मला ते खोलगट मोठं स्टीलचं ताट दिलंस, कडेला माझं नाव कोरून घेतलेलं. त्या ताटात मी इतकी वर्षं जेवले, आणि माझं जेवण झालं की लेकीचं, ह्यांचं, पातेल्यातलं. तुझ्यासारखंच. मग गुडघे गेले. वरच्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत तास सुरू झालेला असायचा आणि फळ्याकडे तोंड करून मी आधी श्वास गोळा करायची. मग साखर आली. तीही तुझीच. चालणं, काकडी, कडू काढे, सगळं करून झालं. वजन थोडं उतरायचं आणि पाहुणे घेऊन परत यायचं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या आई कशानं गेल्या?" मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती वयाच्या होत्या?" तेही सांगितलं, आणि केसपेपरवर लिहिलेल्या माझ्या वयाकडे बघितलं. मला त्या वयात मरायचं नव्हतं, माय. एवढंच होतं. बारीक दिसायची हौस असती तर ती मी त्या मुखेडच्या बाईच्या वेळी केली असती.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस फक्त पातळ घ्यायचं असतं, आतलं यकृत आक्रसावं म्हणून. ताक, डाळीचं पाणी, डब्यातली ती प्रथिनांची पावडर. शेजारणीनं विचारलं, काय ग, जेवत नाहीस? माझ्या तोंडून निघून गेलं, उपवास आहे. बास. आपल्याकडे उपवास म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही, उलट खायला घालतं. संध्याकाळी तिच्या घरून साबुदाण्याची खिचडी आली, वर भाजलेल्या दाण्यांचं कूट. फोनवर भावजयीला कळलं तर तिनं अहमदपूरहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती भगर आणि शेंगदाण्याचे लाडू धाडले. "ताई, एवढा कडक कोन्ता उपवास धरलाव? कुनाला नवस बोलल्याव?" म्हणून विचारत होती. मी हसले आणि विषय बदलला. देवासाठी उपाशी राहिलेली बाई सगळ्यांना चालते, स्वतःसाठी राहिली की घरादारात चौकशी लागते. तेव्हा मला ते सांगायचा धीर झाला नाही. ह्यांना आणि लेकीला सोडून मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

लोक म्हणतात, हा सोपा मार्ग. त्यांनी एकदा येऊन बघावा. शुद्ध आली तर पोट सोडून खांदा दुखत होता, पोटात भरलेला वायू वर चढतो म्हणे. त्याच संध्याकाळी नर्सनं उठवलं, "चला मावशी, फिरा," आणि मी सलाईनचा दांडा धरून व्हरांड्यात चालले. छातीच्या व्यायामासाठी तोंडात नळी धरून श्वासानं डबीतले गोळे वर उचलायचे. औषधाच्या टोपणानं पाणी प्यायचं, तेही थांबून थांबून. घरी आल्यावर हे वरणभात जेवायला बसायचे आणि मी उठून गच्चीवर जायची. भूक नव्हती. भूक नव्हती म्हणूनच रडू यायचं, कारण हात रिकामे होते, आणि जेवणाच्या वेळी मी कुणाची कोण, हेच कळत नव्हतं.

आणि मग मी तेच केलं. मऊ खायला परवानगी मिळाली होती, मी वाटीतली मऊ डाळ चमच्यानं सावकाश खाल्ली, पोट भरल्याची खूण आली. पातेल्यात तळाला दोन चमचे उरले होते. दोनच. टाकायचे कशाला, म्हणून उभ्याउभ्या तोंडात घातले. छातीत असा काही दगड अडकला की मी मोरीपाशी बसकण मारली. घाम, लाळ, उलटी. लेक पाठ चोळतेय आणि विचारतेय, "आई, दोन चमच्यांसाठी?" तिथंच बसून मी ठरवलं. पोट कापून उपयोग नव्हता, ती हाक कापायला हवी होती. दुसऱ्या दिवशी तू दिलेलं ताट मांडणीवरून काढलं आणि पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं. बरोबर बसतं. उंदीर शिरत नाहीत.

पण घरात ठरवणं वेगळं आणि वेळ अमावस्येच्या सणाला शेतात ठरवणं वेगळं. तुला माहीतच आहे, त्या दिवशी आपल्याकडे वाटेनं चाललेल्या परक्या माणसालाही हाक मारून बसवतात, मग घरच्या लेकीची काय कथा. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, आत पूजा, पाचपन्नास माणसं, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात ताकातली आंबील. भावजयीनं ताट भरून पुढं ठेवलं. मी म्हटलं, दोन चमचे भज्जी दे, बास. "एवढंसं? कुनाचा राग धरलाव, ताई? अजून त्यो उपवास चालूच हाय का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताट मांडीवर घेतलं आणि सांगून टाकलं. उपवास नव्हता. पोटाचं ऑपरेशन केलं. माझं पोट आता एवढं आहे. हातानं दाखवलं.

मग चुलते म्हणाले, "म्हंजी आता जलमभर असंच? मग जगायचं तरी कशाला गं?" मी म्हटलं, "जगायचं म्हणूनच केलं, काका. माय माझ्या वयाची असताना गेली. तिला कुणीच थांबवलं नाही. तुम्हीही तिथंच बसला होता." असं मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. ते खाली बघून उंडा मोडत राहिले.

मी माझे दोन चमचे खाल्ले, सावकाश, चावून चावून. ताट जवळजवळ भरलेलंच राहिलं. तेव्हा भावजयीनं हात पुढे केला. "आना हिकडं, मी संपवते. टाकायचं न्हाई, अन्न हाय ते." माय, तुझे शब्द. तुझाच सूर. ती तुला एकदाही भेटलेली नाही, तुझ्यानंतर घरात आली, तरी तिच्या तोंडी तेच. आणि तिचे पाय मी बघितले, सुजलेले, चप्पल बाजूनं फाटलेली. मी ताट घट्ट धरून ठेवलं. म्हटलं, "नाही ग. मी नाही खाणार आणि तूही नाही खायचंस." "म्हंजी? अन्न टाकता का काय?" "हो." मी उठले, गुडघ्यावर हात न ठेवता उठले, आणि ते ताट बांधाला बांधलेल्या बैलांपुढे नेऊन रिकामं केलं. एका बैलानं वास घेतला आणि खाल्लं. सणाच्या दिवशी, सगळ्या खानदानासमोर. आभाळ कोसळलं नाही.

ती रुसली. दुपारभर माझ्याशी बोलली नाही, भांडी आपटत राहिली. ऊन उतरल्यावर मात्र जवळ येऊन बसली, पाय लांब केले आणि हळूच विचारलं, "ताई, लई दुखतंय का वो त्यात? माझी बी साखर वाढलीय म्हनतेत." मी तिला सगळं सांगितलं. मोरीपाशी बसले होते तेही. पुढच्या महिन्यात ती नांदेडला येऊन माझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवून गेली. ऑपरेशन नाही करायचं तिला, न करू दे. पण आता ती बाप्यांच्या पंगतीबरोबरच स्वतःचं ताट वाढून घेते. भाऊ कुरकुरतो. कुरकुरू दे.

तर असं आहे. मी शाळेत जिन्यानं जाते, श्वास घ्यायला थांबायची गरज पडत नाही, केस थोडे गळाले, पोटावरची कातडी लोंबते, आयुष्यभर गोळ्या आहेत. मला काही वाईट वाटत नाही. माफी मागायला हे लिहीत नाहीये. तुझ्या वयाला मी आता मागे टाकणार आहे, आणि पुढची वर्षं माझी मी जगणार आहे.

हे कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून एक शेवटचं सांगून ठेवते. वेळ अमावस्येच्या त्या दिवशी सगळे गाडीकडे निघाले तेव्हा मी कोपीत मागं राहिले. आंबिलीचं मडकं तिथंच होतं, तळाला जरा लागलेलं. तू बसायचीस तसं मी मांडी घालून बसले, आत बोट फिरवलं आणि चाटलं. आंबट होतं, लसणाचा वास होता. एकच बोट. तेवढी जागा होती.