पुसट सही

२ जून

सत्तर रुपये गेले! 'निधी उपलब्ध नाही' असा शिक्काच करून आणला. दीड वर्ष हातानं तेच लिहून बोट दुखायला लागलं होतं. सत्तर रुपये माझेच. ऑफिसात शिक्क्यालाही निधी नाही.

ठेकेदारांची बिलं माझ्या टेबलावर येतात. पाइप पुरले, टाक्या बांधल्या, गावांना पाणी आलं. पैसे तेवढे आले नाहीत. साहेब म्हणतात, "विशाखाताई, सरकार जुन्या कर्जाचं व्याज भरून राहिलंय, तुमच्या बिलांना कुठून देणार?" बरं. म्हणजे सरकारचं ओझं उचलतोय कोण? पंढरी! अर्धापूरकडचा. खोदायचं मशीन हप्त्यावर घेतलं, सरकारी चर खणले, तीन लाख चाळीस हजार अडकले. यादीत पहिला नंबर त्याचा. दर सोमवारी येतो. आज शिक्का बघून हसला— "आता छापील झालं म्हणायचं!" मीही हसले. नको होतं हसायला.

यादीची वही माझ्याकडे असते. आधी आलेलं बिल आधी. एकतीस वर्षांत एकदाही नंबर हलवला नाही. याचा मला गर्व आहे. इथं लिहायला काय हरकत आहे!

५ जून

तीस तारखेला निवृत्त. पतसंस्थेत ना-देय दाखला मागायला गेले. आमचा सचिव मन्मथ रजिस्टर उलटून म्हणाला, "ताई, तुमच्याकडं कायबी न्हाई. पण रामलिंगला जामीन हायत न तुमी? त्याचे नऊ हप्ते थकलेत."

रामलिंग आमचा ड्रायव्हर. ऑफिसची रीतच ती— तू मला जामीन, मी तुला. चहा पिता पिता फॉर्म फिरतो, वाचत कोणी नाही. लेकीला, समीक्षाला नर्सिंगला घातलं तेव्हा मी कर्ज काढलं, त्यावर त्याचीच सही. माझं फिटलं. तो वर्षभर बिनपगारी रजेवर, मग कपात कशातून होणार?

दाखला नाही तर शिल्लक रजेचे पैसे नाहीत. ते नाहीत तर समीक्षाची लातूरची शेवटच्या वर्षाची फी नाही. ती भरायची मुदत पंचवीस तारीख.

६ जून

रामलिंगच्या घरी गेले. बायकोनं पाणी दिलं. तो खाली बघूनच बोलला. "कर्ज भावाला दिलं ताई. भुजंगला. सरकारी टाकीचं काम हाय, बुडणार न्हाई म्हनला. मी पन रजा टाकून तिथंच राबलो. त्याचं बिल निघालं की दुसऱ्या दिवशी भरतो. आईची आन."

भुजंगचं बिल! माझ्याच कपाटात आहे. नंबर दोन.

९ जून

पंढरी आला. शिक्का मारला.

१२ जून

पैसे आले. साडेतीन लाख. एवढ्या ढिगाला एवढेसे! एकच बिल निघेल.

पंढरीचं आणि भुजंगचं, दोन्ही बिलं कपाटातून काढून टेबलावर ठेवली.

१३ जून

पंढरीच्या बिलाला त्रुटी लावली. मोजमाप वहीच्या एका पानावर इंजिनिअरची सही पुसट आहे. पुसट आहे— नाही असं नाही. असल्या सह्यांवर मी शेकडो बिलं काढली आहेत. त्रुटी लागली की बिल आपोआप रांगेतून बाजूला होतं. नंबर खोडावासुद्धा लागत नाही. वही स्वच्छ!

भुजंगचं बिल गेलं. साहेबांनी न बघता सही केली. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा.

१९ जून

रामलिंगनं खरंच भरले. दाखला मिळाला. रजेचे पैसे तीस तारखेनंतर येतील, पण दाखला बघून मन्मथनं फीपुरते संस्थेतून उचलून दिले. म्हणजे पुन्हा कर्जच! जामीन म्हणून तनुजानं सही केली. माझी खुर्ची आता तिला मिळणार. तिच्या हातात पगारातले साडेअकरा हजार पडतात, बाकी सगळी कपात. तिनंही फॉर्म वाचला नाही.

समीक्षाला फोन केला. "आई, आवाज असा का?" ऊन लागलं म्हणाले.

२३ जून

पंढरी आला. पिशवीत केळी. इंजिनिअरच्या मागं आठ दिवस फिरून नवी ठळक सही आणली होती.

"ताई, तुमी चूक दाखवली म्हनून लई बरं झालं. दुसऱ्यानं कागद फेकून दिला असता. आता पुढल्या पैशाला पयला नंबर माजाच न?"

हो म्हणाले. मशीन कसं चाललंय विचारलं. सवयीनं विचारलं, आणि उगीच विचारलं.

"नेलं की. फायनान्सवाले आले, हप्ता थकला म्हनून. सोळा तारखेला."

तेरा आणि सोळा. तीन दिवस.

"पन तुमच्या टेबलावर इकडचं तिकडं व्हत न्हाई," तो जाताना म्हणाला. "तेवढ्यावरच हाय मी."

मला लाज वाटते. केळी टेबलावर तशीच आहेत. संध्याकाळपर्यंतच काळी पडायला लागलीत.

३० जून

निरोपाचा कार्यक्रम चारला होता. एक वाजता अर्ज लिहिला— पंढरीच्या बिलात त्रुटी नव्हती, माझ्या दाखल्यासाठी मी लावली. आधी आवक रजिस्टरला नोंदवला, मग साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दयेनं फाडला तरी नोंद राहते. क्रमांक ८१२.