पंचविसाव्या डॉलरची कड

६ जानेवारी
सकाळच्या उन्हात खिडकीशी बसून डॉलरची गुंडाळी एकदाची तपासून संपवली. मेहुण्याच्या मुलाने अमेरिकेतून आणलेली, मूळ पंचवीस नाणी. एका बाजूला त्यांचा पहिला अध्यक्ष, रंग पितळी सोनेरी. खरी गंमत कडेवर. साल आणि लॅटिन अक्षरं तिथे कोरलेली. (आपण शाळेत संस्कृत शिकवणारे, लॅटिनकडे चुलतभावाच्या नात्याने बघायचं.) काही नाणी मात्र कड कोरायचं यंत्र चुकवून तशीच टांकसाळीबाहेर पडली. असं एक कोऱ्या कडेचं नाणं हाती लागावं म्हणून इतकी वर्षं भिंग पुसतो आहे.
चोवीस तपासली. सात डागाळलेली, एकावर ओरखडा. कड सगळ्यांची सुशिक्षित.
पंचविसावं फुलसावंगीला, धाकट्या बहिणीकडे. चार वर्षांपूर्वी भाऊबीजेला नलीच्या ताटात टाकलं. न तपासता.

७ जाने.
नागपूरच्या वझलवारांना कळवलं. (ओळख फक्त नाण्यांपुरती, पण पत्रं जाडजूड.) उत्तर लगेच: चोवीस शहाणी निघाली म्हणून पंचविसावं वेडं असेलच असं नाही.
मी लिहिलं, देताना बोटांना कड चिंचोक्यासारखी गुळगुळीत लागली होती.
ते: चार वर्षांनी बोटांना काय आठवतं?
मुद्दा रास्त आहे. तरी जाणार.
ही म्हणाली, "बहिणीले ओवाळणी वापस मागाले चालले काय?" फक्त बघायला, म्हटलं. "मंग फोटो मागवा. बसभाडं वाचते."

८ जाने.
नलीचा फोटो आला. नुसता लखलखाट. वझलवारांना पुढे धाडला. त्यांचे लागोपाठ दोन फोन. ही झळाळी कुठल्याच यादीत नाही म्हणे, आरशासारखी प्रूफ नाही, मंद सॅटिनही नाही, कुणालाही दाखवू नका.
नलीला विचारलं. "कुकवाचे डाग पडले होते त्याले. चिंचेनं घासलं, निघाले नाही. मंग तुमच्याच पुसदच्या सोनाराकडून मुलामा देऊन घेतला."
वझलवारांना हे सांगितलं. मुलामा चढला, किंमत गेली, सोडून द्या, म्हणाले.
किंमत कोणाला हवी आहे? कड बघायची आहे.

११ जाने.
फुलसावंगी. अंगणात तूर पसरलेली, नली सुपाशी. डॉलर तिच्या गळ्यात, काळ्या मण्यांत. भोवती सोनाराने बसवलेलं कडं. कड पूर्ण झाकलेली. भिंग खिशातच राहिलं.
"कडं कापा लागते दादा."
सोनार पुन्हा बसवून देईल, म्हटलं.
"देऊन झाल्यावर तपासते का कोणी? पोरायचे पेपर बी तू वाटल्यावरच तपासतो का?"
मी हसलो. ती नाही.
निघताना फाटकाशी म्हणाली, "आईच्या दुखण्यावरून दोन वर्षं बोलणं नव्हतं आपलं. त्या भाऊबीजेले तू आला, अन् पंचवीसमधून एक निवडून माह्यासाठी आणला. म्हणून गळ्यात आहे तो. आता तूच कापाले आला."
निवडून. बस आली.

१२ जाने.
खरं काय ते इथे तरी. त्या दिवशी रिकाम्या हाताने गेलो होतो. तिने ताट पुढे केलं आणि शर्टाच्या खिशात बोटं गेली. बसमध्ये तपासू म्हणून एक डॉलर तिथे होता. गर्दीत उभं राहून आलो, तपासायचा राहिला. तोच टाकला. निवडबिवड काही नाही.
आता कड कोरी निघाली तर नली म्हणणार, दादानं खास दिला. कोरलेली निघाली तर उगाच कापलं. आणि न कापता राहिलो तर…
कापायचंच. पण आधी तिला सांगायचं. क्रम बदलायचा नाही.
वर्गात आज कर्मणि प्रयोग शिकवला. ज्यात कर्त्याला मागच्या बाकावर बसता येतं. हेवा वाटला.

१४ जाने.
तिळगुळाचा फोन केला. तिने तिळाची चौकशी केली, मी तुरीची. सांगायचं राहिलं.
भ्याड. उद्या पुन्हा.

१५ जाने.
केला. उचलला नाही. दुपारी परत केला. "बाजाराले येऊन राह्यली मी परवा. तवाच बोल."

१७ जाने.
नली आली. पोत गळ्यातून काढून रुमालात बांधलेली. मी काही बोलायच्या आत रुमाल माझ्या हातात दिला.
"चाल सोनाराकडे. मले बी आता झोप नाही. पण एक सांग पहिले. पाहून देल्ला होता का न पाहता?"
"न पाहता," म्हटलं. "त्या दिवशी दुसरं काही आणलंच नव्हतं. हा खिशात होता."
भाजीबाजार पूर्ण ओलांडून होईपर्यंत ती पुढे, मी मागे. एकदाही वळली नाही. सोनाराच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली.
"मंग आता पाहून दे."
दुकान बंद, सोनार जेवायला गेलेला. चारला उघडतो म्हणे. पावणेचार झालेत. समोरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. नली शेजारी भुईमुगाच्या शेंगा खाते आहे आणि टरफलं माझ्या पिशवीत टाकते आहे.