आक्काने पाहिलेलं स्थळ

पॅरिस, ३ ऑक्टोबर २००५

ती. आक्काआत्यास सईचा सा. न.

बाबा फोनवर म्हणाले, ज्युलियनशी लग्न करायचं तर आधी आक्काचा होकार हवा. आणि तू म्हणे म्हणालीस, मुलाचं गाव पाहिल्याशिवाय आपण मुलगी देत नाही. आता तुला शेलारहून फ्रान्सला कशी आणू? सोबत कार्ड पाठवते, हे त्याचं गाव. नीट पाहा.

लोभ असू दे, निदान उत्तर लिहीपर्यंत तरी.
तुझी सई

शेलार, भिवंडी, २० ऑक्टोबर २००५

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

फोटो काढणाऱ्याचा हात जरा हललाय, पण गाव काय देखणं गं! चष्मा पुसून पुसून चारदा पाहिलं. घराघरावर धूर आहे, म्हणजे चुली वेळेवर पेटतात. गवताच्या उडव्या सरळ रचल्यात, माणसं कामसू असणार. एक बाई एकटीच बांधावरून चाललीये, पण मान वर. मला तेच फार आवडलं. आणि ते ऊन! पिवळं म्हणावं तर गुलाबी दिसतं. आपल्याकडे गोदामांच्या पत्र्यांवर पडून ते नुसतं डोळ्यांत घुसतं.

शेजारची धोंडूबाई म्हणाली, विहीर कुठं दिसत न्हाय. मी म्हटलं, असेल घरांमागे, तू खोट काढू नकोस. माझा होकार बाबांना कळवलाय.

माया आहेच.
आक्का

पॅरिस, ६ नोव्हेंबर २००५

ती. आक्कास सा. न.

तुझं पत्र चारदा वाचलं. तो फोटो नाही गं, हाताने रंगवलेलं चित्र आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. गाव ज्युलियनच्या पणजीचं. आता तिथेही गोदामं आहेत. तो इथे पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो.

मूळ चित्र त्यानेच मला म्युझियममध्ये दाखवलं. जवळून नुसते रंगाचे फटकारे, चार पावलं मागे आलं की गाव उभं राहतं. तो म्हणाला, तुझ्या आक्काला हेच पाठवू. मी खरं लिहायला कचरले. होकार परत घ्यायचा तर घे.

रागावलीस तरी लोभ ठेव.
सई

शेलार, २४ नोव्हेंबर २००५

चि. सौ. कां. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

लबाड कार्टी! तुझे बाबा दोन दिवस हसताहेत. एवढ्या मायेनं ऊन रंगवणाऱ्याला मी फोटोवाला समजले. धन्य त्याचा हात!

होकार परत घेत नाही. माझं स्थळ पाहायला पाचजण गणेशपुरीला गेले होते. विहीर पाहिली, गोठा पाहिला, भाताची कणगी उघडून पाहिली. सगळं खरं निघालं. माणूस तेवढा कुणी पाहिला नाही, म्हणून सहा महिन्यांत मी माहेरी परत आले.

तू माणूस पाहिलायस. घेऊन ये त्याला.

तुझी,
आक्का